शेंदराची पुडी

अकरावीच्या क्षार-परीक्षणाला मी दरवर्षी लेड नायट्रेटनेच सुरुवात करतो. पांढरे, जड स्फटिक. कोरड्या परीक्षानळीत तापवले की तडतडतात, तपकिरी वाफ निघते आणि खाली पिवळी मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचा ऑक्साइड, उरते. पाण्यात नीट विरघळणारे शिशाचे क्षार मोजकेच, त्यातला हा एक. त्यामुळे पोरांच्या हाती द्यायला सोयीचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावी, पत्र्याच्या छपराच्या प्रयोगशाळेत 16 वर्षं हेच चाललं होतं.

त्या वर्षी नवरात्राला आठवडा होता. हा क्षार कसा बनवतात ते सांगताना मी सहज बोलून गेलो, "मुरदाडशिंग नायट्रिक आम्लात विरघळवली की झालं. शेंदूरही चालतो, तोही शिशाचाच ऑक्साइड." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाकावरच्या मुलीने वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी माझ्यासमोर ठेवली. "सर, याची टेस्ट होईन काय?"

मला आनंदच झाला. पुस्तकाबाहेरचं काही घेऊन येणारं पोर वर्षातून एखादंच भेटतं. चिमूटभर शेंदूर नळीत घेतला, वरून विरल नायट्रिक आम्ल घातलं आणि किंचित गरम केलं. केशरी रंग बघता बघता चॉकलेटी झाला. शेंदरात शिसं दोन रूपांत असतं. एक आम्लात विरघळून लेड नायट्रेट होतं, दुसरं तपकिरी लेड डायऑक्साइड म्हणून तळाशी बसतं. नुसता रंग असता तर असं झालं नसतं. गाळून घेतलेल्या निवळ पाण्यात पोटॅशियम आयोडाइडचे थेंब टाकले, तर हळदीसारखा पिवळा साका. त्यात पाणी घालून उकळलं, साका नाहीसा झाला. मग नळी माठातल्या पाण्यात धरली आणि आतून सोनेरी चकत्या तरंगत खाली येऊ लागल्या. लेड आयोडाइडचा हा सोनेरी पाऊस कितीही वेळा पाहिला तरी माझं मन भरत नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

ती मुलगी गप्प होती. म्हणाली, "सर, माही आई याच्याच पुड्या बांधते. आमचं बारकं तिथंच खेळते."

"केवढं आहे?"

"दोन वर्साचं. पोट दुखते म्हणून रडते, खात नाई. पांढरं पडलं. जंताचं औषध देल्लं, तरी फरक नाई."

तास संपेपर्यंत मी काय शिकवलं ते आठवत नाही. सुटी झाल्यावर मोटारसायकलने तिच्या घरी गेलो. एका खोलीत अर्धी गोणी शेंदूर, परात, चाळणी, कागदाचे तुकडे आणि बांधलेल्या पुड्यांचा ढीग. आसपासच्या आठवडी बाजारांत हळद-कुंकवाच्या दुकानांना त्या जायच्या, शंभर पुड्यांवर मजुरी. केशरी धूळ खाटेवर होती, माठाच्या झाकणावर होती, दाराच्या कडीवर होती. आणि लेकरू परातीजवळ बसून अंगठा चोखत होतं.

मुलीच्या आईने पदर सावरत चटई टाकली. मी म्हटलं, "ताई, बसायचं राहू द्या. आधी याचे हात-तोंड धुवा."

बाईंना ते पटेना. "देवाचं हाय सर. त्यानं कसं वाईट होईन?"

"मारुतीला लावा, कोण नाही म्हणतं? पण हे लेकराच्या पोटात जातंय."

मग त्या जे बोलल्या ते मी विसरू शकत नाही. "माल चांगला हाय सर, हातात घेऊन पाहा. चांगला शेंदूर जड राहते." बरोबरच होतं त्यांचं. शेंदूर पाण्याच्या आठपटीहून जड असतो, तो शिशामुळे. धंद्यात जी अस्सलपणाची खूण, तीच विषाची खूण होती. हल्ली बाजारात नुसत्या रंगाच्या भुकटीलाही शेंदूर म्हणतात, डोळ्यांना फरक कळत नाही. कुंकवाची गोष्ट वेगळी. घरचं हळद-चुन्याचं कुंकू लिंबाच्या रसाने पिवळं पडतं, त्यात शिसं नसतं.

झाडू मारू नका, धूळ उडते, ओल्या फडक्याने पुसा, एवढं सांगून मायलेकराला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. पोटदुखी, बद्धकोष्ठ, रक्त कमी. आमच्याकडे अशी लेकरं रोज येतात, त्यात शिसं कोणाच्या मनात येणार? त्यांनी रक्ताचा नमुना नागपूरला पाठवला. अहवाल आला: डेसिलिटरला 48 मायक्रोग्रॅम. 5 किंवा त्याहून जास्त भरलं की शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि अमुक इतकं शिसं निर्धोक असंही ती म्हणत नाही.

मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा अंगात मुरतो, लहान लेकराच्या जवळजवळ निम्मा. अंगात लोह कमी असेल तर आणखी. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. रक्त तयार करण्याचं काम अडतं, म्हणून ते पांढरेपण. मेंदूवर होणारा परिणाम तर पुरता भरूनही येत नाही. लेकराला नागपूरला दाखल केलं. शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध दिलं. आकडा उतरला, पण हाडांतलं शिसं हळूहळू पुन्हा रक्तात येतं, म्हणून तपासण्या अजून चालू आहेत. ते आता जेवतं, अंगणात पळतं.

आईने पुड्या सोडल्या. नवरात्राच्या तोंडावर हातची मजुरी गेली, त्याची भरपाई कोणी केली नाही. ती कापूस वेचायला जाऊ लागली. उरलेली गोणी लेकीसोबत माझ्याकडे आणून तिने विचारलं, "सर, मंग हे फेकू कुठी?"

विहिरीजवळ नाही, उकिरड्यावर नाही, नाल्यात तर नाहीच, असं मी म्हणत होतो आणि माझी नजर प्रयोगशाळेच्या बेसिनवर गेली. 16 वर्षांत दरसाल प्रत्येक पोराचं लेड नायट्रेट, तो पिवळा साका, ते सोनेरी पाणी, सगळं मी त्याच बेसिनमधून मागच्या खड्ड्यात सोडलं होतं. खड्ड्याच्या कडेला शेवग्याचं झाड आहे. त्याच्या शेंगा आम्ही घरी नेत होतो.

गोणी दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून कपाटात कुलपाखाली ठेवली आहे. बेसिनशेजारी आता झाकणाचा कॅन असतो. शिशाचा प्रत्येक थेंब त्यात जातो, आणि त्यावरची चिठ्ठी त्याच मुलीने लिहिली आहे. घातक कचरा रीतसर नेणाऱ्यांनी तो आणि ती गोणी उचलावी म्हणून संस्थेकडे माझे तीन अर्ज गेलेत. चौथा काल दिला.