गोल फोडू नका

इथे इंग्लंडात दर गणपतीत हा प्रश्न येतो. आरती झाली, प्रसादाची रांग लागली की कुणीतरी विचारतंच, "अहो, तुम्ही स्टॉकपोर्टला राहता ना? म्हणजे मँचेस्टर युनायटेडचं मैदान, ओल्ड ट्रॅफर्ड, जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. आणि तुम्ही म्हणे मोबाइलवर कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉल मॅचा बघता?" मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देतात, "गावची आठवण येत असेल, नाही का?" मी "हो ना" म्हणते आणि मोदक घेऊन पुढे सरकते. रांगेत खरं उत्तर सांगत बसलं तर मागच्यांचे मोदक गार होतील. तुम्ही परवा चहा घेत निवांत विचारलंत, म्हणून सांगते.

आठवण यायला ती गोष्ट आधी घडलेली असावी लागते. मी कोल्हापुरात जन्मापासून लग्नापर्यंत चोवीस वर्षं काढली. मंगळवार पेठेत घर, शाहू स्टेडियम चालत दहा मिनिटांवर. त्या चोवीस वर्षांत स्टेडियमच्या आत एकदाही पाऊल ठेवलं नाही. कुणी बंदी घातली होती असं नाही. वडील आणि भाऊ निघायचे, आणि मला घेऊन जावं हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

माझी मॅच गच्चीवर व्हायची. हंगाम थंडीत सुरू होतो आणि पावसाच्या तोंडापर्यंत चालतो, म्हणजे ऐन भरात आला की आमच्या गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळत असायचे. कावळे हाकायला मी. काठी हातात, कान स्टेडियमकडे. गोल झाला की एकच मोठा आवाज उठायचा आणि त्याच्या पाठोपाठ हलगी. हुकला की तोच आवाज वर चढता चढता मध्येच मोडायचा. पेनल्टी मिळाली की आधी गलका, मग अगदी चिडीचूप. तेवढ्या शांततेत मीसुद्धा काठी खाली ठेवायची. गोल कुणी मारला ते मात्र गच्चीवरून कळायचं नाही. त्यासाठी भावाची सायकल. जिंकलो असलो तर कोपऱ्यापासूनच घंटी सुरू. हरलो असलो तर सायकल भिंतीला टेकल्याचा तेवढा आवाज. मग रात्री जेवताना तो वाट्या मांडून सगळी मॅच पुन्हा दाखवायचा. आमटीची वाटी गोलकीपर, लिंबाची फोड म्हणजे बॉल. आई ओरडायची.

आम्ही कुठल्या तालमीचे ते सांगणार नाही. सांगितलं की निम्मे कोल्हापूरकर इथेच वाचायचं सोडतील.

तुम्ही नागपूरचे, म्हणून तालमीबद्दल दोन शब्द. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा, तांबडी माती. शाहू महाराजांनी कुस्तीला आसरा दिला, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या, आणि पुढे त्यातल्या कित्येकांनी लाल मातीबरोबर फुटबॉलही धरला. म्हणून आमच्याकडे क्लबांची नावं युनायटेड नि सिटी अशी नसतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, संध्यामठ, जुना बुधवार, फुलेवाडी. संघांची यादी वाचली तरी शहरात फिरून आल्यासारखं होतं. गणपती बसवणारी, वर्गणी मागणारी आणि सेंटर फॉरवर्ड खेळवणारी माणसं तीच. वडील सांगायचे, स्टेडियम आहे तिथे पूर्वी रावणेश्वराचं तळं होतं. तळी बुजवून मैदानं करायची आमच्या गावाला सवयच. गांधी मैदान म्हणजे वरुणतीर्थ. पावसाळ्यात ते अजून आपलं मूळ दाखवतं.

तर, चार-पाच वर्षांपूर्वी भावाने एक लिंक पाठवली. स्थानिक चॅनेलवर मॅच थेट. कोल्हापुरात दुपारी चारची मॅच थंडीत इथे सकाळी साडेदहाला येते. मार्चअखेर घड्याळं पुढे केली की साडेअकराला. शनिवारी धुणं मशीनमध्ये टाकलं आणि फोन किटलीला टेकवून लावला. कॅमेरा एकच, तोही हलणारा. धूळ, समालोचकाचा बसलेला आवाज. आणि बाजूला भराभर वर सरकणारी लोकांची वाक्यं. "आरं ढकल की म्होरं." "रेफ्री झोपलाय का?" "नाद खुळा भावा." मी दहा मिनिटं नुसती वाचत बसले. मग काय सुचलं कुणास ठाऊक, लिहिलं, "मी पण आलो."

हे "आलो" नीट ऐका. कोल्हापूरच्या पोरी "मी आलो, मी गेलो, मी जेवतो" असंच बोलतात. लग्न करून पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी हसत हसत सुधारलं, "आलो नाही गं, आले." प्रेमानेच म्हणाल्या. मी महिनाभरात बदलले, आणि इतकी बदलले की आईशी फोनवर बोलतानाही "आले, गेले" यायला लागलं. आई एकदा म्हणाली, "पुण्याची पाव्हणी बोलत्यात जणू." पंचवीस वर्षांनी त्या सरकणाऱ्या ओळींत ते क्रियापद बोटातून आपोआप उतरलं, आणि कुणी दुरुस्त केलं नाही. उलट समोरून आलं, "ये भावा, बस."

बस म्हणाला! गॅलरीत मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी जागा दिली ती अशी.

हंगामभर मी "भावा"च होते. क्रियापदावरून कळायला काही मार्ग नव्हता. मग एकदा मध्यंतरात कुणीतरी विचारलं, कुठल्या गल्लीतला? मी पिंपळाचा पार, पिठाची गिरणी, गिरणीपासून तिसरं घर असं सांगत गेले. मिनिटभर काहीच आलं नाही. मग, "म्हंजे सायकलवाल्याची भैन का काय तुमी?" तेव्हापासून मी आक्का. भाऊ गेली तीस वर्षं मोटारसायकल चालवतो, पण पेठेत तो सायकलवालाच.

त्यातूनच पुढे आमचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला. चाकणच्या कारखान्यातला एक, बहारीनला एक, बेंगळुरूला दोघं, एक जहाजावर असतो म्हणून चार-चार महिने गायब. बाकीचे कोल्हापुरातच. विरुद्ध तालमींचेही आहेत; नाहीतर भांडणार कुणाशी? गंमत म्हणजे हा ग्रुप खरा जागा होतो पावसाळ्यात, फुटबॉल बंद असताना. जुलै लागला की रोज सकाळी एकच आकडा: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. मी इथे ऑफिसच्या ट्राममध्ये उभी, आणि फोनवर "३८ फूट ७ इंच, वाढ सुरू". शेजारी उभ्या असलेल्या गोऱ्या बाईला वाटत असेल, ही शेअर बाजार बघतेय. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा या ग्रुपवर कुणी कुणाच्या तालमीला बोललं नाही. आगीचे व्हिडिओ येत होते आणि मध्येमध्ये लोक आपापले जुने फोटो टाकत होते. शाळेचं गॅदरिंग, मिशा चिकटवलेली पोरं, मागे तो पडदा.

सगळं गोडच आहे असं नाही. लांब बसलेल्यांची जीभ जास्त चालते, हे मी स्वतःवरून सांगते. मैदानावरची हुल्लडबाजी, मग पोलीस, थांबलेल्या मॅचा हे सगळं कोल्हापूरने पाहिलंय; आणि त्याला तेल घालणारे स्टेटस कैकदा पुण्या-मुंबईतून, परदेशातून येतात. आम्हाला काय, दुसऱ्या दिवशी त्याच चौकातून जायचं नसतं. गावातला एकजण एकदा चिडून म्हणाला होता, "तुमी तिकडनं पेटवताय, वर्गणी आन् जामीन आमी बघतोय." त्यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही.

माझी पाळीही आली. आमच्या गोलकीपरच्या हातून साधा बॉल निसटला, गोल झाला. मी लिहिलं, "हाताला तूप लावून आलाय का?" पंधरा-वीस हसरे चेहरे पडले. मी खूश. मग चाकणवाल्याने वेगळा निरोप पाठवला, "आक्का, त्यो शिरोलीत फौंड्रीत हाय. रातपाळी करून सरळ मैदानावर आलाय." मी किटलीजवळ उभी होते. माझी झोप आठ तास झालेली, पायात लोकरीचे मोजे, हातात चहा. ओळ पुसून टाकली, पण वाचायची त्यांनी वाचली होती. उत्तरार्धात त्याच पोराने दोन बॉल असे काढले की समालोचकाचा उरलेला आवाजही गेला. मी काहीच लिहिलं नाही. लाज वाटली की कौतुकही करवत नाही.

इथे हे प्रकरण कुणाला समजावून सांगावं लागलं नाही असा एकच माणूस, शेजारचे आजोबा. स्टॉकपोर्ट काउंटीचे. काउंटी म्हणजे आमच्या गावचा क्लब. इथे पूर्वी टोप्यांचे कारखाने होते म्हणून टोपण नावही 'हॅटर्स'. मँचेस्टरचे दोन धनदांडगे क्लब उशाशी असताना हे गृहस्थ काउंटीला धरून राहिले, तो इंग्लिश फुटबॉलच्या पार सहाव्या पायरीपर्यंत घसरला होता तेव्हासुद्धा. २०१३ ते २०१९, सहा वर्षं तिथेच. मी फोनवर काय बघते ते त्यांनी एकदा कुंपणावरून वाकून पाहिलं. मला वाटलं, आता विचारणार, हे कुठलं मैदान, इतकी धूळ का. त्यांनी विचारलं, "आपले कोणते?" मी रंग दाखवला. मान हलवून म्हणाले, "डावा बॅक फार पुढे येतोय." येतच होता.

गेल्या फेब्रुवारीत कोल्हापूरला गेले, आणि भावाला म्हणाले, मला स्टेडियमला न्यायचं. तो क्षणभर बघत राहिला. "तू कधी आलीच नाहीस का गं?" त्याला खरोखर माहीत नव्हतं.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे मैदान छोटं वाटलं. गच्चीवरून ऐकताना फार मोठं होतं. ऊन तोंडावर, पलीकडचं काही दिसेना, मागून चिरमुऱ्यांचे दाणे केसांत पडताहेत. समालोचक नाही, त्यामुळे कुणाकडे बॉल आहे तेही कळेना. सारखा हात फोनकडे जात होता. ग्रुप उघडला तर बहारीनवाला विचारत होता, "आक्का आज कुटं गायबल्या?"

एक नियम सांगायचा राहिला. मैदानात घडलेलं फोनवर यायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. स्टेडियमात बसलेलं एखादं कार्टं गोल झाल्या झाल्या लिहून टाकतं आणि बाकी सगळ्यांची मजा घालवतं. याला आमच्यात 'गोल फोडणं' म्हणतात. गोल फोडणाऱ्याला सर्वांत जास्त शिव्या कोण देतं? मी. ग्रुपच्या माथ्यावर "गोल फोडू नका" ही पाटीसुद्धा मीच लावलेली आहे.

सत्तराव्या मिनिटाला उजवीकडून बॉल आला, आमच्या पोराने डोकं लावलं, आणि तो आवाज माझ्या चहूबाजूंनी उठला. गच्चीवर यायचा तोच, फक्त आता त्याला घामाचा वास होता. भाऊ उड्या मारत होता. हलगी कानाशी. फोन हातात होताच, पडद्यावर अजून बॉल मैदानाच्या मधोमध होता, चाकणवाला लिहीत होता, "आज काय खरं न्हाई."

मी लिहिलं, "गोल!!! मी हितं हाय, मी बघितला!!!"

आणि मग अर्धा मिनिट शिव्या मोजत बसले. एकोणीस.