वातावरण निवळेपर्यंत

देणगी मागायला गेलं की पाणी येतं, चहा येतो आणि मग प्रश्न येतो: "2023 साली बीड जिल्हा पेटलेला असताना भटक्यांच्या पोरांसाठी शाळा बांधायला कशी काय घेतलीत? वातावरण निवळेपर्यंत थांबायचं ना!" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं सविस्तर सांगते.

वातावरण म्हणजे काय, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. 1 सप्टेंबरला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठा आरक्षणाचं आंदोलन गावोगाव पोचलं. ऑक्टोबरअखेरीला बीडमध्ये जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट गेलं. आमचा तेव्हा नुसता पाया खणून झालेला. वाळूचा हायवा ट्रक रास्ता रोकोत अडकला, गवंडी गावाकडं निघून गेले, कबूल केलेले देणगीदार फोन उचलेनात. असू दे. बांधकाम काढलं की हाल कुणाचेही होतात, त्याचं काय कौतुक!

थांबले नाही ते पालांमुळं, म्हणजे भटके ज्यात राहतात त्या तंबूंमुळं. गावात ताण वाढला की आधी अनोळखी माणसावर संशय जातो, आणि पालावरचा माणूस जाईल तिथं अनोळखीच. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागून पोट भरणारे. तेव्हा तर आंदोलनही नव्हतं, मोबाइलवरची अफवा पुरली. संचारबंदीत घरात बसा म्हणतात. पाल हेच घर असलेल्यानं कुठं बसायचं? तो रातोरात बिऱ्हाड उचलतो आणि पोराची शाळा तिथंच सुटते. म्हणून आम्ही वर्गांच्या आधी पोरांच्या मुक्कामाच्या खोल्या बांधायला घेतल्या, बिऱ्हाड हललं तरी पोर शाळेत राहावं म्हणून. वर्ग काय, पत्र्याच्या शेडखालीही भरतो.

दुसरं कारण कागदाचं. त्याच दिवसांत सरकार आरक्षणासाठी मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला निजामकाळातली दप्तरं उपसत होतं, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला होता. ती मागणी बरोबर की चूक, हा इथला विषय नाही. पण आमच्या एका पालकानं ते ऐकून विचारलं, "ताई, त्यात आमचं बी नाव बघा की." कुठं बघू? सातबारा नाही, घरपट्टी नाही, बाळंतपणं वाटेवरची. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं ज्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, त्यांची नावं तेवढी पोलिसांच्या वहीत नेमानं चढायची, हजेरीसाठी. कायदा 1952 ला गेला, संशय राहिला. आणि आज विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्याला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबा कुठल्या शिवारात उतरले होते, हे कोण लिहून देणार?

शाळेत घ्यायला मात्र कागद अडत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो. मग आई आठवून सांगते: "ऊस तोडायला गेलो होतो, त्या सालची." मुख्याध्यापक बोटांवर हिशेब करून साल धरतात आणि पुढं 1 जून लिहितात. आमच्या निम्म्या पोरांचा वाढदिवस 1 जूनलाच असतो. एका केकमध्ये भागतं.

त्या गडबडीत एका बापानं पोरीचं बोनाफाईड, म्हणजे ती आमच्या शाळेत शिकते असा दाखला, मागून नेलं. गावाचा शिक्का, फोटो, मुख्याध्यापकांची सही. ते त्यानं झोळीत ठेवलं आणि नव्या गावात उतरला की आधी पोलीस पाटलाला दाखवायला लागला: ही माझी लेक, ही तिची शाळा, खाली फोन नंबर आहे, लावून बघा. लोक लावतातही, रात्री अकराला फोन येतो आणि मी "हो, आमच्याच आहेत" म्हणते. पालांवर ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आता पालक येतात ते बोनाफाईड कधी मिळेल हे विचारतच. शिकवता काय, हे नंतर. पावसात भिजून कागदाचा लगदा व्हायला लागला म्हणून आम्ही लॅमिनेशन करून देतो. तो खर्च हिशेबात स्टेशनरीखाली आहे. मागच्या खेपेला तुम्ही तो आकडा एवढा कसा म्हणून विचारलं होतंत, तो हाच.