आणि दुसरा?

"हा दुसरा तर नुसता उभाच आहे की!" जुनी विनोदी क्लिप बघताना भाची आज सहज बोलून गेली. मला मात्र ते दिवसभर खुपत राहिलं.

अगं, तो उभा आहे म्हणून तर पहिला हसवतोय!

'आय लव्ह लूसी' या जुन्या अमेरिकन विनोदी टीव्ही मालिकेतला चॉकलेट कारखान्याचा प्रसंग आठवा. १९५२ सालचा. चॉकलेटं वाहून आणणाऱ्या सरकत्या पट्ट्याचा वेग वाढतो, लूसी चॉकलेटं तोंडात कोंबते, टोपीत लपवते. सगळ्यांना लूसी आठवते. पण शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीकडे, एथेलकडे बघा. तिचेही गाल फुगलेत, हात थांबत नाहीत, आणि चेहऱ्यावर खरीखुरी घाबरगुंडी. ती घाबरलीय म्हणून आपल्याला तो वेग जाणवतो. लूसी एकटी असती तर तो नुसता वेडेपणा वाटला असता. एथेलची भूमिका करणाऱ्या व्हिव्हियन व्हान्सला १९५४ मध्ये सहायक अभिनेत्रीचं एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं मानाचं पारितोषिक मिळालं, ते उगाच नाही.

आपल्या दूरदर्शनवरचे चिमणराव-गुंड्याभाऊ तसेच. प्रभावळकरांचा भित्रा, गोंधळलेला चिमणराव शोभला, कारण बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ शेजारी खांबासारखा ठाम होता.

दुसऱ्याचं काम काय? समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकून घ्यायचं, हशा ओसरेपर्यंत थांबायचं, आणि आपली ओळ नेमक्या क्षणी टाकायची. जरा घाई झाली की विनोद मेलाच! हे काम मला तरी जास्त अवघड वाटतं. तरी टाळ्यांच्या वेळी नाव पहिल्याचंच आधी घेतलं जातं.

तुमच्या आवडत्या जोडीतला 'दुसरा' कोण?