पस्तीस इंची टायर आणि ४.८८चा हिशोब

डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की जॉर्जटाउननंतर आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत चढतच राहतो. बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. माझी २०१३ची चार दारांची जीप रँग्लर सहारा हा चढ आधी निमूट चढायची. तिला पस्तीस इंची टायर घातले आणि पहिल्याच शनिवारी तिची दमछाक झाली. ताशी ५० मैलांवर गिअरबॉक्स तिसऱ्यात जायचा, इंजिन कण्हायला लागायचं, मग दुसरा पडून आरडाओरडा, की परत तिसरा. बोगद्याच्या तोंडाशी गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान २३० अंश फॅरनहाइट झालं होतं. मी ट्रकांच्या लेनमध्ये, त्यांच्याच वेगाने चाललो होतो.

एक्सलचा रेशो बदलायचा हे त्या दिवशी ठरलं. कुठला घालायचा, हे ठरायला मात्र दोन महिने गेले.

कंपनीचा रेशो ३.२१ होता, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणारा दांडा, ३.२१ वेळा फिरतो. आकडा मोठा तितकी ओढ जास्त, आणि त्याच वेगाला इंजिनाचे फेरेही जास्त. टायर मोठा केला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणून आहे तो रेशो आपोआप ‘लहान’ होतो. पण किती, हे टायरवर छापलेल्या आकड्यावरून काढू नका. मी टायरवर आणि घरासमोरच्या काँक्रीटवर खडूने खूण केली, गाडी बरोबर एक फेरा पुढे ढकलली आणि टेपने मोजलं: १०६ इंच आणि वर पाऊण. भागिले ३.१४१६, म्हणजे ३४ इंच. गाडीचं वजन पडलं की पस्तिसाचा टायर पस्तिसाचा राहत नाही. जुनं चाक तसंच मोजलं, ते ३१.५ भरलं. म्हणजे माझा ३.२१ आता २.९७ झाला होता.

सरळ त्रैराशिक मांडलं तर उत्तर येतं ३.४६. तेवढा रेशो घातला की गाडी पूर्वीसारखी, असं मलाही वाटलं होतं. तिथेच मी चुकत होतो. त्रैराशिकाला फक्त व्यास कळतो. नवं चाक न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं तर ९९ पौंड, जुनं ६६. असली चार चाकं फिरवायची आणि थांबवायची. शिवाय गाडी उंच झालेली, वारा जास्त अडणार, आणि समुद्रसपाटीवर २८५ अश्वशक्तीचं इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के ताकद हरवणार. म्हणजे बोगद्यापाशी हाताशी १९० ते २०० उरतात. गणिताने काढलेला रेशो हा कमीत कमी किती लागेल याचा आकडा आहे. त्याच्या किती वर जायचं, हे आपण गाडी कुठे चालवतो त्यावर ठरतं.

आता प्रश्न ४.५६, ४.८८ की ५.१३. ओळखीच्या प्रत्येकाचं मत वेगळं, आणि प्रत्येकाला स्वतःचाच रेशो बरोबर वाटायचा. इंजिनाचे मिनिटाला फेरे किती, याचं सूत्र मी वहीत मांडलं: वेग गुणिले एक्सलचा रेशो गुणिले गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास. वेग मैलांत, व्यास इंचांत. माझ्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकचे आकडे ३.५९, २.१९, १.४१, १.०० आणि ०.८३. ताशी ७५ मैलांवर पाचव्यात ३.२१ने १,९७५ फेरे येत होते. ४.५६ने २,८०५, ४.८८ने ३,००२, ५.१३ने ३,१५६. हा शेवटचा आकडा पाहून पेट्रोलच्या भीतीने मी ४.५६कडे झुकलो होतो.

मग रविवारी बाबांचा फोन आला. बाबांनी कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावर ट्रक चालवला, आंबा घाट त्यांना पाठ. मी सगळे आकडे वाचून दाखवले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि म्हणाले, “ते सपाटीचं ऱ्हाऊ दे. चढावर गाडी कुठल्या गिअरात टिकती ते सांग की.”

मी वहीत पाहिलं तर चढाचा हिशोबच नव्हता. तो केला. ताशी ५० मैलांवर ३.२१ने तिसऱ्यात २,२३६ फेरे आणि दुसऱ्यात ३,४७४. मधली दरी बाराशेची. माझ्या गाडीच्या पेंटास्टार इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४,८०० फेऱ्यांवर येतो, तेव्हा त्या विरळ हवेत २,२३६वर त्याच्याकडून चढ ओढला जाणं शक्यच नव्हतं. ४.८८ घातला तर तोच तिसरा ३,४०० फेऱ्यांवर चालतो, आणि ६० मैलांवर चौथ्यात २,८९४ मिळतात. ४.५६ने चौथ्यात २,७०४ मिळाले असते.

इथे एक गोष्ट स्वच्छ समजून घ्यायला हवी. रेशो बदलल्याने इंजिनाची ताकद वाढत नाही. जुन्या रेशोतही दुसरा गिअर धरून मी तो चढ चढू शकलो असतो. फरक इतकाच की तेव्हा चौथा आणि पाचवा माझ्यासाठी मेल्यात जमा होते, आणि पाच गिअर असलेली गाडी मी तीन गिअरवर चालवत होतो. नवा रेशो ते दोन गिअर परत देतो. दर शनिवारी डोंगरात जाणाऱ्या माणसाला हे सपाटीवरच्या दोनशे फेऱ्यांपेक्षा मोलाचं वाटलं. ५.१३ सोडला, कारण रेशो वाढतो तसं पिनियनचं, म्हणजे एक्सलमधल्या लहान दातेरी चाकाचं, डोकं लहान होत जातं, आणि माझा पुढचा एक्सल डेना ३० आहे, मागच्या डेना ४४पेक्षा नाजूक. ४.८८ ठरला: पिनियनला ८ दात, ते ज्याला फिरवतं त्या मोठ्या क्राउनला ३९.

दोन्ही एक्सल एकाच वेळी करावे लागतात. पुढे-मागे वेगळा रेशो ठेवून फोर-व्हील लावलं तर चाकं एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं. पुढच्या ३.२१च्या कॅरिअरवर नवं क्राउन बसत नव्हतं, तो कॅरिअर वेगळा घ्यावा लागला. सगळं मिळून २,४०० डॉलर.

पहिल्या गॅरेजमधून गाडी घेतली आणि ५० मैलांवर पाय उचलला की मागून बारीक हुंकार यायला लागला. “नवे दात आहेत, बसतील,” असं सांगण्यात आलं. ते ऐकू नका. हुंकार पहिल्या दिवसापासून असेल तर दात आपोआप बसत नाहीत, झिजतात. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्यांनी दातांना पिवळी पेस्ट लावून क्राउन हाताने फिरवलं आणि मला ठसा दाखवला: दाताच्या मधोमध पडायला हवा तो एका टोकाला सरकला होता. दातांमधला सैलपणा ०.०१३ इंच निघाला, हवा साधारण ०.००६ ते ०.०१०. शिम, म्हणजे मधल्या पातळ चकत्या, बदलून त्यांनी पिनियन पुन्हा बसवला. त्या दिवसापासून आवाज नाही. पैसे देण्याआधी ठशाचा फोटो मागून घ्या.

मग संगणकात नवा रेशो आणि टायरचा आकार भरला, नाहीतर गिअर भलत्या वेळी बदलतात. जुन्या आकड्यांवर मैलमापक सुमारे ७ टक्के कमी मोजत होता. मोठ्या टायरने मायलेज पडलं म्हणून मी जे रडत होतो, त्यातला बराच भाग या चुकीच्या मोजणीचा होता.

नव्या दातांना सुरुवातीला जपावं लागतं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं हलक्या पायाने चालवली आणि पूर्ण थंड होऊ दिली, असं तीनदा. पहिले ५०० मैल ओझं नाही, ट्रेलर नाही. मग एक्सलचं तेल बदललं. आतल्या चुंबकावर करड्या लोण्यासारखा लेप होता, तुकडा एकही नाही.

ऑगस्टमध्ये रेड कोन या डोंगरवाटेला गेलो. वेबस्टर पासकडे उतरणारी ती वाट सुट्या दगडांची आहे, एकतर्फी, फक्त खाली जाणारी. लो रेंजमध्ये, म्हणजे फोर-व्हीलच्या सावकाश, जास्त ओढीच्या टप्प्यात, पहिल्या गिअरची एकूण पट पूर्वी ३१ होती, आता जवळजवळ ४८. पूर्वी अशा उतारावर ब्रेक दाबला की चाक अडकून घसरायचं. या वेळी पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवला होता, आणि इंजिन गाडीला दोरीने धरल्यासारखं एकेक दगड खाली सोडत होतं. शेजारी बायकोने वरची मूठ धरली होती. अर्ध्या उतारावर तिने ती सोडली आणि खिडकीतून खालची दरी बघायला लागली.