पहिले ५१२ बाइट

गेल्या महिन्यात माझ्याकडे एका काकांची १ टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क आली. अख्खी डिस्क व्हेराक्रिप्ट या डेटा कुलूपबंद करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पासवर्ड विसरलेला. आधीच्या एका दुकानाने दोन आठवडे हॅशकॅट हा एकामागून एक पासवर्ड लावून बघणारा प्रोग्रॅम चालवून ती परत दिली होती.

मूळ डिस्कला हात न लावता इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली आणि कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पहिला सेक्टर, म्हणजे पहिले ५१२ बाइट, उघडला. शेवटचे दोन बाइट ५५ एए. पुढच्या सेक्टरच्या सुरुवातीलाच 'ईएफआय पार्ट'. दोन्ही पार्टिशन टेबलच्या खुणा. व्हेराक्रिप्टच्या हेडरमध्ये, म्हणजे किल्ली ठेवलेल्या सुरुवातीच्या तुकड्यात, वाचता येईल असं काहीच नसतं. म्हणजे विंडोजने डिस्क इनिशियलाइज करू का विचारलं तेव्हा कुणीतरी हो म्हटलं होतं आणि हेडरवर जीपीटी, म्हणजे डिस्कचे भाग नोंदवणारं पार्टिशन टेबल, लिहिली गेली. दोन आठवडे ते दुकान पार्टिशन टेबलचा पासवर्ड शोधत होतं! बरोबर पासवर्ड यादीत असता तरी जुळला नसता. तो सेक्टर बघायला दहा सेकंद लागतात. मला अजून राग येतो.

हेडरची राखीव प्रत डिस्कच्या शेवटून १,३१,०७२ बाइट आधी असते आणि जीपीटी शेवटचे ३३ सेक्टरच घेते, म्हणून ती वाचली असणार. तिथले ५१२ बाइट डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने कापून घेतले. पहिले ६४ सॉल्ट, म्हणजे पासवर्डात मिसळायचे रँडम बाइट, उरलेल्या ४४८ मध्ये डेटा उघडणारी मास्टर की, तीही कुलूपबंद.

पासवर्डवर एसएचए-५१२ या उलट न फिरवता येणाऱ्या गणिताची ५ लाख आवर्तनं होतात, त्यातून निघालेल्या किल्लीने हेडर उलगडतो, आणि सुरुवातीला 'व्हेरा' ही इंग्रजी चार अक्षरं दिसली तरच पासवर्ड खरा. विंडोजचे एनटीएलएम हॅश, म्हणजे लॉगिन पासवर्डचे ठसे, सेकंदाला हजारो कोटी तपासणारं माझं ग्राफिक्स कार्ड इथे सेकंदाला हजारावर येतं. अक्षरं-आकड्यांचा १२ अक्षरी पासवर्ड सरसकट शोधायचा तर दहा हजार कोटी वर्षं. पासवर्ड सोडून थेट डेटा कुलूपबंद करणाऱ्या एईएस या पद्धतीची २५६ बिटांची किल्ली शोधू म्हटलं तर शक्यतांची संख्या ७८ आकडी. ५६ बिटांचं डीईएस हे जुनं कुलूप १९९८ मध्ये ५६ तासांत फुटलं, पण त्यापुढच्या प्रत्येक बिटाला काम दुप्पट. "मोठी मशीन लावा ना," म्हणणाऱ्याला हे कागदावर मांडूनच दाखवावं लागतं.

उरली काकांची आठवण: दोन मराठी शब्द, साल, एक चिन्ह. ४० शब्दांच्या जोड्या, ६० सालं, १२ चिन्हं, कॅपिटलच्या ४ तऱ्हा. ४६ लाख, सव्वा तास. नाही. मग सुचलं, 'वाडा' इंग्रजीत कुणी व्हीने लिहितो, कुणी डब्ल्यूने, 'आ'ला एक ए की दोन. शब्दागणिक ४ स्पेलिंगं धरली की यादी १६ पट. ७ कोटी ३७ लाख, साडेवीस तास. नाही.

एकच अक्षर चुकलंय का सगळंच, हे कळायला मार्ग नसतो. दोन्ही वेळा हाती तोच कचरा. ते मला सोडत नाही.

परवा काकांचा फोन आला. सालाच्या जागी गाडीचा नंबर असेल म्हणतात. तीन गाड्या, ३६ लाख ८६ हजार, तासाभराचं काम. यादी आत्ता लावली आहे.