गोलरक्षकांचे मूल्यमापन, नोंद नववी: मैदानाचा दोष अखेर हाती लागला

आठव्या नोंदीत जी गाठ मी तशीच सोडली होती, ती परवा सुटली, म्हणून महिनाअखेरीची वाट न पाहता ही नोंद लिहितो आहे. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या गोलरक्षकांची मी जी यादी करतो, तिच्यात वरच्या पाचांत बसलेला एक गोलरक्षक घरच्या मैदानावर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गोल वाचवत होता आणि बाहेरच्या मैदानांवर तोच माणूस अगदी सरासरीइतका दिसत होता. एखाद्या हंगामात असे घडले असते, तर मी योगायोग म्हणून सोडून दिले असते. पण सलग तीन हंगाम तोच प्रकार दिसल्यावर खोट खेळाडूत आहे, माझ्या मॉडेलमध्ये आहे की मोजमापात आहे, हे ठरवल्याशिवाय पुढे जाणे मला शक्य नव्हते.

संशय मोजमापावर होता आणि त्याला आधारही होता. शॉट कुठून मारला गेला, याची जागा प्रत्येक मैदानावरचे नोंदणीकार टिपतात आणि माणूस बदलला की हातही बदलतो. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये शॉट प्रत्यक्षापेक्षा जाळीच्या जवळ नोंदले जात, हे अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवून दिलेले आहे. अपेक्षित गोलांच्या, म्हणजे प्रत्येक शॉट गोल होण्याची शक्यता काढणाऱ्या मॉडेलमध्ये अंतर हा सगळ्यात वजनदार घटक असल्यामुळे याचा परिणाम सरळ होतो. तीस फुटांवरचा शॉट पंचवीस फुटांवरचा म्हणून नोंदला गेला, तर मॉडेल त्याला जास्त धोकादायक ठरवते, गोलरक्षकाने तो अडवला की त्याच्या खात्यात जास्त श्रेय जमा होते, आणि असे हजारभर शॉट साठले की मध्यम दर्जाचा गोलरक्षक यादीच्या वरच्या टोकाला जाऊन बसतो.

पहिला उपाय मी जानेवारीत केला होता. यजमान संघाने घरी मारलेल्या शॉटचे सरासरी अंतर आणि त्याच संघाने बाहेर मारलेल्या शॉटचे सरासरी अंतर यांतला फरक काढून तेवढा मी घरच्या प्रत्येक शॉटमध्ये मिळवला. ही चूक होती, कारण घरी खेळणाऱ्या संघाला खेळ पुन्हा सुरू होण्याआधी खेळाडू बदलण्याची शेवटची संधी मिळते आणि त्याचे आक्रमण खरोखरच वेगळे असू शकते. म्हणून दुसऱ्या खेपेला दोन्ही संघांचे शॉट एकत्र घेतले: घरच्या ४१ सामन्यांतले सगळे शॉट एका बाजूला आणि त्याच संघाच्या बाहेरच्या ४१ सामन्यांतले सगळे दुसऱ्या बाजूला. बाहेरचे सामने वेगवेगळ्या मैदानांवर विखुरलेले असल्यामुळे तिथल्या नोंदणीकारांचे दोष बऱ्याच अंशी एकमेकांना छेद देतात, त्यामुळे तुलना रास्त झाली. तरीही निकाल बिघडलाच. सरासरी फरक सगळ्यांना सारखाच लावल्यामुळे क्रीजच्या, म्हणजे जाळीसमोरच्या गोलरक्षकाच्या राखीव जागेच्या तोंडाशी, सहा फुटांवर मारलेला शॉटही मागे ढकलला गेला आणि ज्या शॉटबद्दल कोणत्याही नोंदणीकाराचा गोंधळ होणार नाही, तोच माझ्या आकडेमोडीत खोटा ठरू लागला.

इथे तीन आठवडे गेले. दोष सगळीकडे सारखा पसरलेला आहे की ठरावीक अंतरावरच आहे, हे पडद्यावरच्या खेळाशी ताडून पाहण्यावाचून मार्ग राहिला नाही. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा थंडीच्या दिवसांत आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. लातूरला त्या वेळी वीज सहसा जात नाही आणि घरात कोणाची वर्दळही नसते. मैदानावर माप घेण्यासाठी एक पक्की खूण मला सापडली होती: आक्रमण क्षेत्रातले फेसऑफचे, म्हणजे पक (खेळाची रबरी चकती) टाकून खेळ पुन्हा सुरू करण्याचे दोन ठिपके. गोलरेषेपासून ते २० फूट पुढे आणि एका जाळीपासून दुसऱ्या जाळीपर्यंतच्या कल्पित मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना २२ फूट असतात, म्हणजे जाळीच्या मध्यापासून त्यांचे सरळ अंतर जवळजवळ ३० फूट भरते. नोंदीत शॉटची जागा मैदानाच्या मध्यबिंदूपासून फुटांत दिलेली असते आणि त्या मोजणीत गोलरेषा ८९ वर येते, त्यामुळे ठिपका ६९ आणि २२ असा सापडायला हवा. स्टिकचे पाते त्या ठिपक्यावर असताना सुटलेला शॉट दिसला की चित्र थांबवायचे, वेळ वहीत लिहायची आणि नंतर नोंदीत तोच शॉट शोधायचा.

एका पहाटेचा शॉट अजून डोळ्यांसमोर आहे. डाव्या ठिपक्यावर पक आला, खेळाडूने तो थांबवला नाही, पाते ठिपक्याच्या लाल रंगावरून घासत गेले आणि शॉट सुटला. गोलरक्षकाने उजव्या पॅडने तो कोपऱ्यात वळवला. नोंदीत तोच शॉट ठिपक्याच्या बराच पुढे, स्टिकच्या जवळपास पूर्ण लांबीइतका जाळीकडे सरकवलेला होता. अशा ताडलेल्या शॉटची वही भरत गेली तसे दिसू लागले की त्या मैदानावर जवळचे शॉट बरोबर आहेत, आक्रमण क्षेत्राच्या सीमेवरच्या, लांबच्या निळ्या रेषेवरचेही बऱ्यापैकी बरोबर आहेत, आणि सगळी ओढ मधल्या पट्ट्यात आहे. एकच फरक सगळ्यांना लावणे का फसले, याचे उत्तर तिथे मिळाले. पण उपाय अजून सापडला नव्हता.

उपाय घरातूनच मिळाला. माझी पुतणी यंदा सीईटी देते आहे आणि लातुरात त्या परीक्षेची चर्चा प्रत्येक घरात चालते. ती मला समजावत होती, "काका, सकाळच्या शिफ्टचा पेपर अवघड गेला तरी बिघडत नाही. आपल्या शिफ्टमध्ये आपण कितव्या क्रमांकावर आहोत, त्यावर पर्सेंटाइल ठरतो." मी हातातला चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला. मैदान म्हणजे शिफ्ट आणि नोंदलेले अंतर म्हणजे कच्चे गुण. घरच्या मैदानावरचे सगळे शॉट अंतराच्या क्रमाने लावायचे, बाहेरचेही तसेच लावायचे आणि घरच्या दहाव्या पर्सेंटाइलच्या शॉटला बाहेरच्या दहाव्या पर्सेंटाइलचे अंतर द्यायचे, पन्नासाव्याला पन्नासाव्याचे. सर्वांत जवळचा शॉट जवळचाच राहतो आणि मधला पट्टा जितका ओढला गेला असेल, तितकाच मागे जातो. ही पद्धत संख्याशास्त्रात जुनी आहे, हे मला नंतर वाचताना कळले; पण ती आपल्या प्रश्नाला नेमकी कुठे बसते, हे त्या संभाषणातून उमगले, याचे मला फार समाधान आहे.

दुरुस्ती प्रत्येक हंगामाला आणि प्रत्येक मैदानाला वेगळी केली, मनगटी शॉट, स्लॅप शॉट आणि वळवलेले शॉट यांचे गट स्वतंत्र ठेवले आणि रिकाम्या जाळीवरचे शॉट आधीच वगळले. मधल्या खेळाडूंनी वाटेतच अडवलेले शॉट मी पूर्वीपासूनच घेत नाही, कारण ते गोलरक्षकापर्यंत पोचत नाहीत आणि नोंदीत जागाही शॉटची नसून अडवणुकीची असते. मॉडेल पुन्हा चालवल्यावर त्या गोलरक्षकाच्या घर-बाहेर कामगिरीतली दरी बरीचशी मिटली आणि तो पाचांतून खाली उतरून मधल्या गटात आला. ताडलेल्या वहीतले शॉट नव्या अंतरांशी जुळवून पाहिले, तेव्हा मधल्या पट्ट्यातली ओढ जवळपास नाहीशी झाली होती. तो दिवस मी सणासारखा घालवला.

साधनांबद्दल एक मत नोंदवतो. तयार सीएसव्ही हवी असेल तर मनीपक या संकेतस्थळाची शॉटफाइल नवख्याला पुरेशी आहे आणि ती २००७-०८ पासून मिळते. पण मैदानदोष तपासायचा असेल तर कच्ची नोंद स्वतः उतरवून ठेवावी. कच्च्या नोंदीचा जुना दुवा बंद झाला तेव्हा माझी उतरवण्याची सगळी व्यवस्था एका रात्रीत कोलमडली होती. तेव्हापासून प्रत्येक हंगामाची प्रत मी दोन ठिकाणी ठेवतो. मॉडेलसाठी मी अजून लॉजिस्टिक रिग्रेशनच वापरतो, म्हणजे प्रत्येक घटकाला एक गुणांक देणारी साधी पद्धत. एक्सजीबूस्ट ही जास्त गुंतागुंतीची पद्धत थोडी जास्त अचूक निघते, पण अंतर दोन फुटांनी बदलले की उत्तर किती बदलेल, हे मला गुणांकावरून वाचता आले पाहिजे. हा दोष सापडला तोही त्या वाचण्यामुळेच.

आता योजनेबद्दल. या नोंदीच्या शेवटी दुरुस्त केलेली क्रमवारी द्यायची असे ठरले होते, परंतु लिहिता लिहिता तो विचार मी बदलला आहे. मुख्य गोलरक्षक हंगामात साधारण १५०० शॉट झेलतो. त्याची खरी क्षमता ०.९००, म्हणजे शंभरातले नव्वद शॉट अडवण्याची धरली, तरी निव्वळ नशिबामुळे त्याचे गोल सुमारे १२ ने कमी-जास्त होणे ही अगदी साधी गोष्ट आहे. २०२२-२३ मध्ये बोस्टनने ६५ सामने जिंकले, तेव्हा त्यांचा गोलरक्षक लिनस उलमार्क याची सेव्ह टक्केवारी (अडवलेल्या शॉटचे प्रमाण) ०.९३८ होती आणि त्याला सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक मिळाला. पुढच्याच हंगामात त्याच संघात ती ०.९१५ झाली. माणूस एका उन्हाळ्यात इतका बदलत नाही. म्हणून क्रमांकांऐवजी मी प्रत्येक गोलरक्षकापुढे एक पट्टा, म्हणजे त्याची क्षमता कुठून कुठपर्यंत असू शकते ते देणार आहे, आणि शॉट जितके कमी तितका त्याचा अंदाज लीगच्या सरासरीकडे ओढणार आहे.

नव्वदच्या दशकातला गोलरक्षक डॉमिनिक हाशेक याला या यादीत आणता येत नाही, कारण त्याच्या बहराच्या काळातल्या शॉटच्या जागाच उपलब्ध नाहीत. तिथे लीगच्या सरासरीशी तुलना करण्यावरच समाधान मानावे लागते. १९९८-९९ मध्ये सरासरी सुमारे ०.९०८ असताना त्याची ०.९३७ होती, म्हणजे दर हजार शॉटमागे २९ गोल कमी. २०२४-२५ मध्ये सरासरी सुमारे ०.९०० असताना कॉनर हेलेबक ०.९२५ वर होता आणि त्याला लीगमधल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूचा हार्ट करंडकही मिळाला. या तुलनेत हाशेक आजही पुढे आहे आणि मला ते मनापासून पटते.

हे लिहीत असतानाच रिबाउंडचा प्रश्न डोक्यात शिरला आहे, आणि पट्ट्यांच्या आधी तोच सोडवावा लागेल असे दिसते. गोलरक्षकाच्या पॅडवरून पक समोरच सुटला, तर पुढच्या शॉटला मॉडेल भरपूर धोका देते; तो शॉट त्याने अडवला, तर स्वतःच्याच ढिलाईचे श्रेय त्याला मिळते. पहिला शॉट गोल होण्याची शक्यता ०.३ आणि रिबाउंडची, म्हणजे त्यानंतरच्या शॉटची ०.४ असेल, तर मी आजवर ०.७ अशी बेरीज धरत आलो. पण पहिला गोल झाला असता तर दुसरा शॉट झालाच नसता, म्हणून ती ०.३ अधिक ०.७ गुणिले ०.४, म्हणजे ०.५८ हवी. तेवढ्यानेही भागणार नाही. पहिल्या शॉटवरून सरासरी गोलरक्षकाने जितके रिबाउंड सोडले असते, तितक्यांचाच धोका त्याच्या खात्यात धरावा आणि प्रत्यक्ष रिबाउंड शॉट काढून टाकावेत, म्हणजे पक छातीशी धरून ठेवणाऱ्याला न्याय मिळेल. कोपऱ्यात वळवलेला पक आणि समोर सांडलेला पक यांत नोंद फरक करत नाही, ही यातली खरी अडचण आहे. पुढचा शॉट तीन सेकंदांत आला का, एवढेच त्यातून कळते.

म्हणून आपल्यापैकी जे पहाटे सामने पाहतात, त्यांनी एकेक मैदान वाटून घ्यावे, ठिपक्यावरचे शॉट आणि पॅडवरून पक कुठे गेला ते वेळेसह टिपावे. पश्चिमेकडचे सामने आपल्याकडे सकाळी साडेआठला सुरू होतात आणि त्या वेळी मी कामावर असतो, त्यामुळे ती मैदाने कोणी घेतली तर दहावी नोंद लवकर लिहिता येईल. वहीचे रकाने मी तसेच ठेवले आहेत: सामन्याची तारीख, पिरियड, घड्याळ, ठिपका डावा की उजवा, आणि पक समोर गेला, कोपऱ्यात गेला की हातात राहिला.