ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर : नवीन महिला सरपंचासोबतचा माझा अनुभव

डिसेंबर २०२२ ला ग्रामपंचायतीच्या निवडणुका झाल्या तेव्हा आमच्या तालुक्यात बऱ्याच गावात बाया थेट जनतेतून सरपंच झाल्या. आम्ही काही माजी महिला सरपंचांनी ठरवलं की ह्या नवीन पोरींना हाताशी धरायचं, कारण आपल्याला कुणी धरलं नव्हतं. मी स्वतः २०१२ ते १७ सरपंच होते. माझ्या वाट्याला आली शेजारच्या गावची, तिशीच्या आतली, बारावी झालेली, पदरात दोन लेकरं. नाव लिहीत नाही, इथं तिला धाकली म्हणते.

बाकीचं सगळं भराभर झालं, त्यामुळं त्यावर काय लिहायचं. ग्रामसभेत बोलायला लागली, नमुना ५ ची रोकड वही वाचायला लागली, ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते हे कळल्यावर घरोघर जाऊन बायका तिनंच गोळा केल्या. डोकं होतंच तिला, आजवर कुणी विचारलं नव्हतं इतकंच. अडलं कुठं तर डीएससीवर, म्हणजे डिजिटल सहीवर. आणि असं अडलं की अजून आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १५ व्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारा पैसा चेकनं निघत नाही. ई-ग्रामस्वराज ह्या सरकारी पोर्टलवर ग्रामसेवक मेकर, म्हणजे बिल तयार करणारा असतो (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, २०२४ पासून) आणि सरपंच चेकर, म्हणजे तपासून मंजूर करणारा. दोघांच्या डिजिटल सह्या पडल्या की पैसे सरळ ठेकेदाराच्या खात्यावर. ती सही पेनड्राईव्हसारख्या एका छोट्या डोंगलमध्ये असते. डोंगल आणि पासवर्ड ज्याच्या हातात तो सरपंच, मग खुर्चीत कोणीका बसेना.

धाकलीला विचारलं तुझं डोंगल कुठंय, तर म्हणाली ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरकडं असेल वाटतं. गेलो दोघी. त्यानं ड्रॉवर उघडला, आत स्टेपलर, रबरबँड, सुपारीची पुडी आणि दोन डोंगल, दोन्हीवर पांढरी पट्टी चिकटवून बॉलपेननं नावं लिहिलेली, आणि हिच्या नावाखाली पासवर्डसुद्धा! मी म्हणलं हे काय, तर म्हणतो मॅडम विसरायला नको म्हणून लिहिलंय. सहीला जोडलेला ईमेल ऑपरेटरचा, मोबाईल नंबर नवऱ्याचा, म्हणजे ओटीपी त्याच्याकडं. तालुक्याला प्रशिक्षण होतं तिथंच मागच्या बाजूला सही काढून देणारा एजंट लॅपटॉप घेऊन बसला होता, फॉर्म दाजींनी, म्हणजे हिच्या नवऱ्यानं भरला, हिनं फक्त व्हिडिओत पॅनकार्ड धरून नाव सांगितलं, झाली डिजिटल सही. गावातल्या गटारीचं बिल निघालं हे हिला कधी कळलं, तर ठेकेदार पेढे घेऊन घरी आला तेव्हा.

दाजी माणूस वाईट नाहीत हां. मला म्हणाले ताई, तिला कशाला त्रास, ओटीपी आला की मी सांगतोच की. मी म्हणलं दाजी, तुम्ही सांगता ऑपरेटरला, तिला नाही. गप्प बसले. फुगले म्हणा.

आता नंबर बदलायचा तर एजंट म्हणतो, एकदा निघालेल्या सर्टिफिकेटमध्ये नंबर-ईमेल बदलत नाही, जुनी रद्द करा नवीन काढा, पैसे परत भरा. भरले. मग नवीनच लफडं, पॅनकार्ड माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, आणि निवडून आल्याचं प्रमाणपत्र आधारप्रमाणं. पहिल्यांदा कसं चाललं ते त्या एजंटलाच ठाऊक. पॅनवरचं नाव बदलायला आमच्याकडं लग्नाचा दाखला मागितला, आणि लग्नाची नोंदच केलेली नव्हती. गावाकडं विवाह निबंधक कोण तर ग्रामसेवक. म्हणजे सरपंचबाई स्वतःच्याच ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन उभ्या, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, भटजींची सही. लग्नपत्रिका सासूबाईंनी धान्याच्या कोठीमागून शोधून काढली, त्यांना मानलं पाहिजे. पॅन मात्र पटकन आलं, मला वाटलं होतं तिथंच अडकेल.

आणि मग तालुक्याचं ते टेबल. ऑफिसचं नाव घेत नाही. काम काय होतं, तर जुनी डीएससी बंद करायची, नवीन जोडायची आणि वरच्या लॉगिनमधून मंजूर करायची. करणाऱ्याला पाच-दहा मिनिटांचं. पहिल्यांदा गेलो तर ग्रामसेवकाचं पत्र आणा. ग्रामसेवकाकडं दोन गावांचा चार्ज, ते भेटेपर्यंत आठवडा गेला. पत्र आणलं तर पत्रावर जावक नंबर नाही. जावक नंबर घातला तर साहेब व्हीसीत (व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये). साहेब आले तर सर्व्हर नाही. सर्व्हर आला तर ज्याला पासवर्ड माहीत तो क्लार्क निवडणूक ड्युटीवर. आणि ह्या सगळ्यात एकदाही, एकदाही धाकलीकडं बघून कुणी बोललं नाही. मी वयानं मोठी म्हणून माझ्याकडं बघून बोलायचे, आणि मी नसले तर, "मिस्टर कुठायत? त्यांना पाठवून द्या, आम्ही सांगतो त्यांना." अहो पण सही कुणाची बदलायचीय!

तोपर्यंत गावात काय झालं असेल. नवीन सही जोडेपर्यंत आयोगाचे पैसे बंद. ठेकेदार दारात, त्यानं गावभर सांगितलं बाईनं बिलं अडवली. पारावर सुरू झालं, बाई आली नि कामं थांबली. सदस्यसुद्धा म्हणायला लागले जुनं चाललं होतं तेच बरं होतं. घरात दाजी बोलेनात. एका रात्री हिचा फोन, ताई जाऊ द्या, राहू द्या त्यांचाच नंबर. मला काय बोलावं कळेना, मी एवढंच म्हणलं की उद्या सकाळी नळ सुटतो का बघ आधी, मग बोलू. कारण पाणीपुरवठ्याच्या मोटरची दुरुस्ती तिनं ग्रामनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या पैशातून केली होती, तिथं अजून चेक चालतो, सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची सही. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, आयोगाचं अडलं म्हणून सगळंच अडत नाही, लाईटबिल, दुरुस्त्या ग्रामनिधीतून चालू ठेवता येतात आणि ते चालू दिसलं की पारावरची तोंडं जरा गप्प बसतात. पाणी आलं सकाळी. राजीनाम्याबिजीनाम्याची भाषा पण बंद झाली.

शेवटी आम्ही तोंडी बोलणं बंद केलं. तिच्या लेटरहेडवर अर्ज, तिच्याच अक्षरात, विषय एकच ओळीचा, वर गटविकास अधिकाऱ्यांचं नाव, खाली जोडपत्रांची यादी. मी मुद्दाम आत गेले नाही, बाहेर चहाच्या टपरीवर बसले. आतलं नंतर शिपायाकडून कळलं. क्लार्क म्हणाला ठेवून जा. ही म्हणाली पोच द्या. तो म्हणाला नंतर मिस्टरांना. ही काही बोललीच नाही, समोरच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर ठेवली आणि पोच मिळेपर्यंत उठली नाही. जेवणाची सुट्टी झाली तरी. आवक नंबर आणि शिक्का घेऊन बाहेर आली तेव्हा मला काय वाटलं सांगू, मी सरपंच असताना मला हे जमलं नसतं. त्याच आठवड्यात मंजुरी आली. म्हणजे काम कधीच होण्यासारखं होतं!

मध्ये वाचलं की केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं समिती नेमली होती, सुप्रीम कोर्टात विषय गेल्यानंतर, आणि २०२५ मध्ये तिचा अहवाल आला, बायकोच्या नावावर कारभार करणाऱ्यांना जबर दंड करा म्हणून. करा की. पण त्याआधी प्रत्येक तालुक्यात एक दिवस बसून महिला सरपंचांच्या डीएससीवर मोबाईल नंबर कुणाचे आहेत एवढं तपासा, अर्धं काम तिथंच होईल. महाराष्ट्रात ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे, खुर्च्या मिळाल्यात, ओटीपी मिळायचेत.

ज्या कुणी असं मेंटॉर म्हणून काम करताय त्यांनी भाषणं-बिषणं नंतर शिकवा. पहिल्या आठवड्यात तिच्या स्वतःच्या नावाचं सिम घ्या, ईमेल तिच्या हातानं काढायला लावा, आणि पॅन-आधार-निवडणूक प्रमाणपत्र ही तिन्ही नावं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बघा. एजंट आला की फॉर्म तिनंच भरायचा. डोंगलचा पासवर्ड तिनं एकटीनं बदलायचा, पण लक्षात राहील असा ठेवा, कारण चुकीचा पासवर्ड परत परत टाकला तर डोंगल लॉक होतं आणि मग बहुतेक वेळा नवीन सर्टिफिकेटच काढावं लागतं.

सही करायच्या आधी काय बघायचं हे विचारतात बऱ्याच जणी. धाकली आता आधी काम बघून येते, मोबाईलवर फोटो काढते, मग मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मोजमापाची वही) मागवते, आणि पैसा बंधित आहे का अबंधित ते विचारते (१५ व्या आयोगाच्या पैशातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी-स्वच्छतेलाच वापरायचा, तो रस्त्यावर टाकता येत नाही). डोंगल तिच्या कपाटात, महत्त्वाच्या कागदांच्या पिशवीत. ऑपरेटर आता निरोप पाठवतो, मॅडम कधी येताय. दाजी परत बोलायला लागलेत, पेट्रोल टाकून तालुक्याला सोडतात सुद्धा.

हो, आणि एक राहिलं, डीएससीची मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहून ठेवा, बहुतेक दोन वर्षांची काढून देतात, मार्चच्या तोंडावर संपली तर परत तेच टेबल. आणि त्या सिमचा रिचार्ज. मागच्या महिन्यात धाकलीचा ओटीपी येईना, सगळे हवालदिल, मला वाटलं परत काहीतरी ऑफिसचं, तर पॅक संपला होता. दाजींनी लगेच मारला.